एका बेटावरील एकुलतें झुडूप

अंगणांतल्या झाडाला फूल आलें, कीं आपलें समाधान होतें. मोगऱ्याला कळी दिसली, जास्वंद फुलली, कीं झाड सुखी आहे, असें आपण धरून चालतों. झाडाच्या दृष्टीनें मात्र फूल ही केवळ सुरुवात असते. फुलांतून फळ, फळांतून बी आणि बियांतून नवें रोप, इतका प्रवास पुरा होईल तेव्हांच त्या फुलण्याचें सार्थक. आज ज्या झुडपाची हकीकत आपणांस सांगावयाची आहे, तें वर्षांमागून वर्षें फुलत होतें. त्याचीं फुलें पांढरीं शुभ्र, पांच पाकळ्यांचीं, चांदणीच्या आकाराचीं. परंतु एकाही फुलाचें फळ होत नव्हतें. आणि रानांत त्या जातीचें तें जगांतलें एकच झाड उरलें होतें.

या झुडपाचें नांव काफे मारों, आणि त्याचें घर रॉड्रिग्ज नांवाचें बेट. नकाशा उघडला, तर हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस मॉरिशस दिसतें. हें नांव आपल्याकडे अनेकांच्या परिचयाचें आहे. एकोणिसाव्या शतकांत उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं मुंबई बंदरांतून जे करारबद्ध मजूर तिकडे गेले, त्यांत मराठी माणसेंही होतीं. त्यांचे वंशज आजही तेथें स्वतःस मराठी म्हणवितात आणि गणेशचतुर्थी साजरी करतात. त्या मॉरिशसच्याही पूर्वेस सुमारें ५६० किलोमीटर समुद्र ओलांडला, म्हणजे रॉड्रिग्ज लागतें. हा मॉरिशसच्याच राज्याचा एक भाग असून २००२ पासून त्यास अंतर्गत स्वायत्तता मिळाली आहे. बेटाचें क्षेत्रफळ अवघें १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या मूळ बेटाच्या सुमारें दीडपट. तेथील सर्वांत उंच टेकडीदेखील ४०० मीटर भरत नाहीं.

एवढ्याशा भूमीवर जगांत अन्यत्र कोठें न मिळणारीं झाडें कशीं निर्माण झालीं, असा प्रश्न साहजिकच मनांत येईल. हें बेट ज्वालामुखीच्या उद्रेकांतून समुद्राच्या पोटांतून वर आलेलें आहे. तें कोणत्याही खंडास कधीं जोडलेलें नव्हतें. प्रथम तेथें उघडा खडक होता. मग कांहीं बिया वाऱ्यानें आणल्या, कांहीं लाटांनीं किनाऱ्यास लावल्या, कांहीं पक्ष्यांच्या पोटांतून किंवा पिसांना चिकटून आल्या. अशा रीतीनें जीं थोडीं रोपें येऊन रुजलीं, त्यांचा आपल्या मूळ गोतावळ्याशीं संबंध तुटला. पिढ्यांमागून पिढ्या तीं एकटीं वाढलीं, तेथील वाऱ्यापावसाला आणि तेथील प्राण्यांना अनुसरून हळूहळू बदलत गेलीं, आणि अखेर निराळ्या जाती झाल्या. काफे मारों ही त्यांपैकींच एक.

त्याचें कुल मात्र आपणांस अपरिचित नाहीं. ज्या कुलांत कॉफी येते, आपला कदंब येतो, मंजिष्ठा येते, वमनासाठीं वैद्य ज्याचा उपयोग करीत आले तें गेळफळ येतें, त्याच कुलांतलें हें झुडूप. कॉफीशीं असलेल्या या साम्यावरूनच त्यास नांव मिळालें. 'काफे' म्हणजे कॉफी हें उघड आहे. 'मारों' या शब्दाचा इतिहास मात्र दुःखाचा आहे. फ्रेंच अमदानींत मळ्यांतून पळून रानांत आश्रय घेणाऱ्या गुलामांना हा शब्द लावीत असत. पुढें माणसाच्या ताब्याबाहेर, रानांत आपल्या बळावर वाढणाऱ्या कोणत्याही वस्तूला तोच शब्द लागूं लागला. तेव्हां काफे मारों म्हणजे रानकॉफी. शब्दशः घेतलें तर पळून गेलेली कॉफी.

या झुडपाचा एक विशेष मोठा कौतुकाचा आहे. बियांतून उगवलेल्या कोवळ्या रोपाचीं पानें लांब, अरुंद आणि तपकिरी रंगाचीं असतात. मधली शीर तेवढी गुलाबी. पाचोळ्यांत उभें असलेलें असें रोप म्हणजे एखादी वाळकी काटकीच वाटावी. परंतु तेंच रोप उंच झालें, कीं त्याला आखूड, रुंद, लंबगोल आणि तकतकीत हिरवीं पानें फुटूं लागतात. बालपणीचें आणि प्रौढपणीचें पान शेजारीं ठेवलें, तर तीं एकाच झाडाचीं आहेत असें सांगूनही कोणी मानणार नाहीं.

हें रूपांतर कशासाठीं? माणूस येण्यापूर्वीं रॉड्रिग्जवर गाई नव्हत्या, शेळ्या नव्हत्या, हरणें नव्हतीं. वटवाघुळांखेरीज सस्तन प्राणीच नव्हते. तेथें चरण्याचें काम करीत ती प्रचंड भूचर कांसवें. त्यांच्या दोन जाती त्या बेटावर होत्या, आणि त्यांतील एक जात लांब मान उंचावून बरीच वरचीं पानेंही खाऊं शके. वनस्पतिशास्त्रज्ञांचा तर्क असा, कीं कांसवाचें तोंड जेथवर पोंचे, तेथवर हें झुडूप वाळल्या काटकीचें सोंग घेई. आणि त्या तोंडाच्या टप्प्याबाहेर डोकें गेलें, कीं मग निर्भयपणें हिरवें होई. ज्या शत्रूला चकविण्यासाठीं हें सोंग होतें, तो शत्रू आज पृथ्वीवर नाहीं. सोंग मात्र अद्याप चालूं आहे.

१६९१ सालीं फ्रान्स्वा लेगा हा फ्रेंच प्रॉटेस्टंट धर्मछळामुळें देशत्याग करून कांहीं सोबत्यांसह या बेटावर उतरला आणि सुमारें दोन वर्षें राहिला. पुढें त्यानें आपल्या प्रवासाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत तेथील दाट झाडीचें, सॉलिटेअर नांवाच्या मोठ्या, न उडणाऱ्या पक्ष्याचें आणि कांसवांच्या कळपांचें वर्णन आहे. हे कळप त्याला इतके दाट दिसले, कीं त्यांच्या पाठींवरून पावलें टाकीत शंभराहून अधिक पावलें जातां यावें. अठराव्या शतकांत हीच कांसवें जहाजांत भरभरून मॉरिशसला नेण्यांत येऊं लागलीं. तीं पुष्कळ दिवस अन्नावांचून जिवंत राहत, म्हणून खलाशांच्या दृष्टीनें तें ताज्या मांसाचें कोठारच होतें. त्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तीं संपलीं. सॉलिटेअर पक्षी तर त्याहूनही आधीं नाहींसा झाला. मग शेतीसाठीं रान तुटलें, सरपणासाठीं झाडें तुटलीं, गुरें आणि शेळ्या मोकळ्या सुटल्या. कांसवाला फसविणारें तपकिरी पान शेळीला फसवूं शकलें नाहीं. बाहेरून आणलेल्या झाडाझुडपांनीं उरलेली जागा व्यापली. आपल्याकडे डोंगर उतारांवर माजणारी घाणेरी त्यांतलीच एक.

१८७४ च्या डिसेंबरांत शुक्र सूर्यबिंबावरून जातांना दिसणार होता. तें पाहण्यासाठीं इंग्रज शास्त्रज्ञांची एक तुकडी रॉड्रिग्जला गेली होती, आणि तिच्याबरोबर आयझॅक बेली बाल्फर नांवाचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ होता. इतरांचे डोळे आकाशाकडे लागलेले असतां त्यानें बेटावरील वनस्पतींची पद्धतशीर नोंद केली. हें रानकॉफीचें झुडूप त्याच्या नोंदींत आलें. त्या काळीं आपलें गेळफळ ज्या गणांत घालीत, त्याच गणांत त्यानें तें घातलें. पुढें १९८२ मध्यें शास्त्रज्ञांनीं त्यासाठीं रामोस्मानिया हा स्वतंत्र गण केला. या गणांत दोनच जाती धरल्या जातात आणि त्यांपैकीं एक नामशेष झाली आहे. दुसरीचीही तीच गत झाली असें विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्वजण समजत होते. पुस्तकांत एक चित्र राहिलें होतें, इतकेंच.

आणि मग १९७९-८० च्या सुमारास एक साधी गोष्ट घडली. बेटावरील एका शाळेंत एक शिक्षक मुलांना तेथल्या स्थानिक वनस्पती शिकवीत होते. त्यांनीं जुन्या चित्राची प्रत वर्गांत दाखविली आणि असें झाड पूर्वीं आपल्या बेटावर होतें, असें सांगितलें. एका विद्यार्थ्यानें तें चित्र लक्षपूर्वक पाहिलें. असें झाड आपल्या घराजवळ आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. आणि त्यानें खरोखरच एक डहाळी आणून शिक्षकांच्या हातीं दिली. ती इंग्लंडांत क्यू येथील वनस्पतिउद्यानाकडे तपासणीसाठीं गेली, आणि तेथील तज्ज्ञांनीं निर्वाळा दिला, कीं होय, हीच ती नाहींशी झालेली रानकॉफी.

तें झाड कोठल्या दुर्गम कड्यावर नव्हतें. रस्त्याच्या कडेस होतें. गुरांनीं खाल्लेलें, किडीनें पोखरलेलें, परंतु जिवंत. कित्येक माणसें त्याच्यावरून रोज जात-येत असतील. अतिपरिचयानें अवज्ञा होते म्हणतात, तें खोटें नाहीं. शास्त्रज्ञांनीं जें झाड गेलें म्हणून सोडून दिलें होतें, तें एका मुलाला दिसलें; कारण काय पाहावयाचें तें त्याला कोणीतरी आधीं दाखविलें होतें.

येथें ही कथा सुखांत व्हावयास हवी होती. परंतु शोधाची वार्ता बेटभर पसरली आणि झाडावर नवें संकट आलें. या झुडपाचा औषधी उपयोग लोकांच्या जुन्या स्मरणांत होता. मद्याचा अंमल उतरल्यानंतर होणाऱ्या त्रासावर आणि गुह्यरोगांवर त्याचा पाला व फांद्या वापरीत असत. झाड पुन्हां सांपडलें म्हटल्यावर लोक येऊन डहाळ्या मोडून नेऊं लागले. संरक्षणासाठीं कुंपण घातलें, तर त्यामुळें आंत कांहीं मोलाची वस्तु आहे अशी सर्वांची खात्रीच पटली. कुंपण ओलांडून लोक आंत जात. मग दुसरें कुंपण झालें, त्याबाहेर आणखी झालें, राखण बसविली. तरी फांद्या तुटतच राहिल्या.

या माणसांना अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण आपल्या घरांतही अंगणांतली तुळस, रानांतला अडुळसा आपण याच श्रद्धेनें तोडतों. एका घरानें एक डहाळी नेली तर झाडाचें काय बिघडतें, हा विचार त्या एका घरापुरता बरोबरच असतो. झाड एकच आहे आणि घरें पुष्कळ आहेत, हा हिशेब मात्र कोणत्याच घरांत होत नाहीं.

तेव्हां असें ठरलें, कीं झाडाच्या कांहीं फांद्या दूर नेऊन त्यांपासून रोपें करावींत. १९८६ मध्यें त्या फांद्या विमानानें क्यू येथें पोंचविण्यांत आल्या. आपण गुलाब किंवा जास्वंद लावतांना फांदीचा तुकडा मातींत खोंचतों, त्यालाच छाट कलम म्हणतात. क्यूच्या माळ्यांनीं उबदार काचघरांत मोठ्या प्रयासानें तें साधलें. छाट जगली, तिच्यापासून पुढें आणखी कलमें झालीं. झाडें वाढलीं, त्यांना कळ्या आल्या, पांढरीं फुलें उमललीं. आतां जात वांचली, असें पाहणाऱ्याला वाटावें.

परंतु ती वांचली नव्हती. हें समजण्यासाठीं आपण केळीचें उदाहरण घेऊं. बागाइतदार केळीचें बी पेरीत नाहीं. तो मुनवे काढून लावतो. एका केळीचे शंभर मुनवे लावले, तर बाग शंभर केळींची दिसते, पण त्या सर्व मिळून एकच केळ असते. एकीला जो रोग मारील तो सर्वांना मारील. छाट कलमाचेंही तसेंच. क्यूमधील कुंड्या कितीही वाढल्या तरी त्या प्रत्येकींत रॉड्रिग्जच्या रस्त्यावरचें तेंच झाड उभें होतें. नवी पिढी हवी असेल, तर बी हवें. आणि बी तर धरत नव्हतें.

फुलाची रचना आपण शाळेंत शिकलों आहों. पुंकेसरांवर पराग असतात. मधल्या स्त्रीकेसराचें टोंक म्हणजे कुक्षी. कुक्षीवर पराग पडले, कीं त्यांतून सूक्ष्म नळी फुटून खालीं अंडाशयांत उतरते आणि तेथें बीज धरतें. काफे मारोंच्या फुलांत पराग होते, कुक्षीही होती. पण कुक्षीवर पराग ठेवले तरी पुढें कांहींच होईना. जणू दार आंतून बंद होतें. हें झाड केवळ नराचें कार्य करणारें असावें, असा कित्येकांचा समज झाला. तसें असतें, तर जातीचा शेवट ठरलेलाच होता. एकुलतें झाड मरेपर्यंत फुलत राहील, आणि मग कांहीं नाहीं.

क्यूमध्यें कार्लोस मॅग्डालेना नांवाचे स्पेनमधून आलेले एक उद्यानतज्ज्ञ काम करूं लागले. त्यांनीं या झुडपाचा ध्यास घेतला. कुक्षी परागाला आंत घेत नसेल, तर तिचा अडसरच कां काढूं नये, असा विचार करून त्यांनीं कुक्षीचा वरचा भाग धारदार पात्यानें छाटला आणि त्या ताज्या जखमेवरच पराग ठेवले. फूल लहान, काम नाजूक, आणि यशाची खात्री मुळींच नाहीं. शंभराहून अधिक फुलांवर असे प्रयत्न झाले. फुलें सुकून गळत राहिलीं. अखेर २००३ मध्यें एका फुलाच्या देठाशीं अंडाशय फुगूं लागला. तो गळला नाहीं. त्याचें फळ झालें आणि फळांत बिया निघाल्या.

त्या बियांतून जीं रोपें उगवलीं, त्यांचीं पानें लांब, अरुंद आणि तपकिरी होतीं! क्यूमध्यें आजवर होतीं तीं सारीं कलमें एका प्रौढ झाडाचीं. म्हणून त्यांचीं पानें आरंभापासून हिरवीं. बालपण या झाडाला आतां प्रथम लाभलें. जेथें कांसव नाहीं, शेळीही नाहीं, अशा लंडनजवळच्या काचघरांत त्या इवल्या रोपांनीं हजारों मैलांवरच्या आणि दोन शतकांपूर्वींच्या एका भक्षकाला भिऊन काटकीचें सोंग घेतलें होतें. तीं रोपें वाढलीं, स्वतः फुलावर आलीं, आणि त्यांच्यापासून आणखी बी मिळत गेलें.

हें बी पुढें रॉड्रिग्जला परत गेलें. तेथें मॉरिशसची वन्यजीव प्रतिष्ठान ही संस्था वन खात्याच्या सहकार्यानें ग्रांद मोंताञ्य यांसारख्या राखीव टेकड्यांवरील परकीय झाडोरा काढून मूळच्या वनस्पती पुन्हां लावीत आहे. त्या रोपवाटिकेंत रानकॉफीचींही रोपें आलीं. बेटाच्या दुसऱ्या टोंकास, २००७ मध्यें सुरूं झालेल्या एका राखीव रानास त्या जुन्या प्रवाशाचें, लेगाचें, नांव दिलेलें आहे. तेथें अन्य बेटांवरून आणलेलीं मोठीं कांसवें सोडलेलीं असून बेटाच्या मूळ झाडीचीं रोपें हजारोंनीं लावलेलीं आहेत. गेलेलीं कांसवें परत आलीं नाहींत. परंतु त्यांच्या जागीं त्यांचे दूरचे भाऊबंद त्याच मातीवर सावकाश चालत आहेत.

म्हणून सर्व कांहीं ठीक झालें, असें मात्र समजूं नये. आज असलेलीं सारीं झाडें एकाच झाडाची संतति आहेत. माणसांत काय किंवा वनस्पतींत काय, वंशाचें बळ विविधतेंत असतें. एक रोग, एक दुष्काळ सर्वांना सारखाच भोंवूं नये, म्हणून निसर्ग प्रत्येक अपत्य थोडें निराळें करतो. बीजांतून पिढी उभी राहिल्यामुळें थोडी विविधता आली. पण जीं इतर शेंकडों झाडें पूर्वीं तोडलीं गेलीं, त्यांच्याबरोबर गेलेलें धन कोणत्याही काचघरांत परत मिळावयाचें नाहीं. नष्टप्राय वनस्पतींच्या यादींत काफे मारोंचें नांव आजही सर्वाधिक धोक्याच्या वर्गांतच आहे.

या हकीकतींत, श्रोतेहो, त्या एका झाडाची डहाळी तीनदां तुटली, हें आपल्या ध्यानांत आलें असेल. एक डहाळी विद्यार्थ्यानें तोडली आणि शिक्षकांना दाखविली. अनेक डहाळ्या लोकांनीं तोडल्या आणि काढा करून प्यायल्या. कांहीं डहाळ्या माळ्यांनीं तोडल्या आणि मातींत लावल्या. झाडाला होणारी जखम तिन्ही वेळां सारखीच होती. फरक पडला तो डहाळी तोडल्यानंतर तिचें काय केलें, एवढ्यांतच.

आपल्या सह्याद्रींतही अशीं कांहीं झाडें आहेत, कीं जीं त्या डोंगरांखेरीज जगांत कोठेंच उगवत नाहींत. त्यांचीं चित्रें जुन्या ग्रंथांत आहेत. तीं आपल्या मुलांना कोणी दाखवील, तर त्यांतलें एखादें त्यांनाही ओळखीचें वाटेल. कोणी सांगावें, तें गांवच्या वाटेवर त्यांनीं रोज पाहिलेलें असेल.